रुमालाखालची डील

“पण मामा, डील ती डीलच ना? मग मरणाशी का नाही करता यायची?”

बाळनाथ डोईफोडेनं एवढं विचारलं आणि लिंबाजीमामांसमोर मटकन बसला.

बाळनाथ म्हणजे सारोळ्याच्या गुरांच्या बाजारातला एक नंबरचा दलाल. गडी हुशार, पण तोरा असा की बैलानंसुद्धा बाजूला होऊन वाट द्यावी. लिंबाजीमामा त्याचे गुरू. रुमालाखाली बोटं कशी धरायची हे त्यांनीच शिकवलेलं. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. तोंडानं आकडा काढायचा नाही. आणि ज्यानं आधी हात ओढला, त्यानं सौदा मोडला.

मामांनी धंदा सोडला त्यालाही आता जमाना झाला. त्यांचा मुलगा जिवावरच्या दुखण्यातून उठला, त्या दिवशी मामांनी रुमाल टाकला तो कायमचा. मुलगा पुढं तीन वर्षांनी गेलाच. तेव्हापासून मामा बाजाराच्या कडेला, कोरड्या हौदापाशी बसून असत. लोक पाया पडत, पण जरा लांबूनच.

भर दुपार होती. बाजार नुकताच उठलेला. नुसते खुंटे आणि शेणाचे पो उरले होते.

“डील म्हणजे काय रे?” मामांनी विचारलं.

“घ्या! आता तुम्हाला मी सांगू?” पण बोलायची सवय दांडगी, जीभ सुटलीच. “गाय घेतली, डील. पोरीचं लग्न जमलं, ती पण डील. सरपंचानं मतं फोडली, डील. भावाभावांत बांध सरकला… ती डीलच की! समोरच्यानं तोंड फाडून मागायचं, आपण पाडत न्यायचं. दोघं एका जागी थांबले की डील झाली.”

“तुला काय पायजे?”

इथं मात्र बाळनाथचा तोरा गळाला.

“कौसा पायजे,” तो म्हणाला. “चार दिवस झाले मामा, तालुक्याच्या दवाखान्यात बायकोनं डोळा उघडला नाही. डॉक्टर म्हणतात, माणसं बोलावून घ्या. तिच्याबिगर मला घर नाही हो… तुम्ही तुमच्या पोरासाठी बोलणी केली होती, सगळा बाजार म्हणतो. मला नुसती गाठ घालून द्या. पुढचं मी बघतो.”

मामांनी हौदाच्या काठावरची धूळ हातानं झाडली.

“कशात बोलणार?”

“वर्षांत.” आणि मनात म्हणाला, माझ्या आयुष्यातली घे बाबा, लागतील तेवढी घे.

“टाक रुमाल.”

बाळनाथनं गळ्यातला रुमाल हौदाच्या काठावर पसरला आणि खाली हात सारला. मामांचा हात येईल म्हणून थोडा थांबला.

हात आला. गार, कोरडा. आल्या आल्या त्यानं बाळनाथचा सगळा पंजा धरला.

पाच.

आता बघा, माणसाची सवय कशी असते. उभ्या जन्मात बाळनाथनं समोरच्याचा पहिला आकडा कधी मानला नव्हता. डोक्यात विचार यायच्या आधीच त्याची बोटं सरकली आणि त्यानं दोन दाबली.

तो हात थबकला. मग पुन्हा त्यानं पंजा धरला. हळूच, लहान लेकराला समजवावं तसा.

बाळनाथनं मान हलवली. दोन! वर एक बोट नाही.

आणि तेवढ्यात त्याची नजर समोर गेली. मामा तंबाखू मळत बसले होते.

दोन्ही हातांनी.

रुमालाखालच्या हाताला नाडी नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं.

“मामा… हा हात…”

“ओढू नकोस. मोडंल.”

त्यानं ओढला नाही. घामानं निथळत, दातावर दात दाबून तो तसाच बसला. वारा पडला होता. रुमाल मात्र हलत होता.

तिसऱ्यांदा पंजा. तिसऱ्यांदा बाळनाथनं दोन दाबली.

मग कुठं त्या हातानं दोन बोटं धरली, सौदा पक्का करतात तशी एकदा दाबली, आणि सोडली. रुमाल दगडावर सपाट पडला.

खिशात फोन वाजला. मेव्हणा होता.

“दाजी, ताईनं डोळं उघडलं! चहा मागायलीय!”

बाळनाथ रडला, हसला, मामांच्या पायांवर लोळला. अन् उठला तो पुन्हा जुना बाळनाथ होऊनच. मांडीवर थाप मारत म्हणाला, “मामा, पाच सांगत होतं, पाच! हटूनच बसलं होतं. पण मी कुठला ऐकतो? दोनावर आणलं! माझी दोन वर्षं गेली तर जाऊ देत. याला म्हणतात डील!”

मामांच्या हातातली तंबाखू खाली सांडली.

“बाळनाथा,” ते म्हणाले, “ते मागत नव्हतं रे… देत होतं.”