पुसलेली काच

"पण उस्ताद, मग माझं चुकलं कुठं?"

दस्तगीर उस्ताद कामात होते. समोर एक सोलरचा कंदील उघडून ठेवलेला होता. त्यांची मान त्यातच खाली गेलेली.

घाटाच्या पायथ्याला, रस्त्याकडेला त्यांची पत्र्याची शेड. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात बसगाड्यांच्या वायरी जोडल्या, निवृत्त झाल्यावर सौरदिव्यांकडे वळले. सोलरच्या कामावर घर चालवणारी पंचवीस-तीस माणसं तरी त्या भागात त्यांच्या हाताखालून गेलेली. शिकून जो तो आपल्या गावी गेला. बायको वारल्यापासून उस्ताद शेडमध्येच राहत. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टांगलेली हत्यारं.

प्रश्न विचारणारा हर्षल थोरवे चिंचवडचा. इंजिनिअर, वय बत्तीस. चांगली नोकरी सोडून त्यानं सौरऊर्जेची कंपनी काढली होती. जिथं विजेची तार पोचली नव्हती अशा सव्वीस वस्त्यांवर दिवे लावले. पेपरात फोटो आले, व्यासपीठं मिळाली. पाच वर्षांत कंपनी बंद पडली. भागीदार पांगले. दिवसभर वाजणारा फोन हळूहळू गप्प झाला.

आता त्याला पुन्हा उभं राहायचं होतं.

"तंत्र माझं पक्कं आहे," तो म्हणाला. "धंद्यात कमी पडलो. तेवढा धंदा शिकवा मला."

"सव्वीस वस्त्या…" उस्ताद म्हणाले.

"हो."

"आज किती ठिकाणी दिवा लागतो?"

हर्षलनं लॅपटॉप उघडला. "शेवटच्या नोंदीप्रमाणे…"

"नोंद राहू दे. तू बघितलंस?"

हर्षलनं लॅपटॉप मिटला.

"सगळ्यात आडबाजूची वस्ती कुठली?"

"मोरकडा. वरचा धनगरवाडा. तीन तासांचा चढ आहे."

"उद्या जाऊन ये."

"जाऊन करू काय?"

उस्तादांनी कंदिलाचं झाकण बसवलं. बटण दाबून बघितलं.

"बघून ये."

हर्षलला राग आला होता. तो शिकायला आला होता, फिरायला नाही. तरी सकाळी निघाला. दुसरीकडे कुठं जायचं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मोरकड्यावर तो तीन वर्षांनी येत होता. तेव्हा सात घरं होती. आता सहा घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या, आत गवत माजलेलं. सातव्या घरासमोर एक म्हैस बांधलेली होती आणि अंगणात एक म्हातारी उभी होती.

ठकूबाई मरगळे. नाव त्याला आठवलं नाही, चेहरा आठवला.

तिनं मात्र लगेच ओळखलं.

"आलास व्हय?" ती म्हणाली. जणू काल बोलावलं होतं आणि आज तो आला होता. "बस. ताक देते."

"बाकीची माणसं कुठं गेली, आजी?"

"खाली गेली समदी. शाळा हाय, दवाखाना हाय… ल्योक मला बी चल म्हनत हुता. ही म्हस कुठं बांदू तिथं?"

हर्षलची नजर अंगणातल्या सोलरच्या पॅनेलकडे गेली. लोखंडी घोडीवर ते तिरकं उभं होतं आणि त्याची काच लखलखत होती. पाखराची शीट नाही, धुळीचा कण नाही. काल कारखान्यातून आल्यासारखी.

त्याला बरं वाटलं. एक वस्ती तरी चालू आहे.

"दिवा लागतो ना, आजी?"

"न्हाई रं." ताकाचं भांडं त्याच्या हातात देत ती म्हणाली. "दोन वर्सं झाली."

"मग ही काच एवढी स्वच्छ…"

"तूच सांगितलंवतंस की. रोज पुसायची, दिवा कदी बंद पडायचा न्हाई. बंद पडलाच तर मी येतो." ती त्याच्या समोर उकिडवी बसली. "रोज पुसते. पावसात बी पुसते."

हर्षलनं भांडं खाली ठेवलं.

"एक इचारू का?" तिनं आवाज उतरवला. ऐकायला तिथं कोणी नव्हतं. "मदी मी तापानं पडले हुते. चार दिस उठले न्हाई. मग दिवा ग्येला… त्याच्यामुळं ग्येला का रं? माज्याच हातनं झालं का ह्ये?"

तो उठला आणि घरात गेला. कोपऱ्यात, फळीवर, त्यानंच लावलेली बॅटरीची पेटी होती. झाकण काढलं. पॅनेलकडून आलेली वायर स्क्रूतून निसटून बाजूला लोंबत होती. टोक जळून काळं पडलेलं. स्क्रू कधी आवळलाच नव्हता. वर्षभर वायर कशीबशी टेकून राहिली, तेवढे दिवस दिवा लागला. नंतर बॅटरीला वीज मिळाली नाही आणि ती उपाशी मेली.

त्याला तो दिवस आठवला. एका दिवसात तीन वस्त्या उरकायच्या होत्या. बाहेर फोटोवाला घाई करत होता. या पेटीवर शेवटचा हात त्याचाच होता.

तो बाहेर आला. ठकूबाई दरीपलीकडे बघत होती.

"त्या अंगाला माजी भन ऱ्हाती," ती म्हणाली. "तिकडं तारंची लाइट आली. सांजंला तिचा दिवा दिसतो मला. पयले माजा बी तिला दिसायचा. म्हंजी तिला कळायचं, ठकी हाय अजून." ती जराशी हसली. "आता तिचा मला दिसतो. माजा तिला दिसत न्हाई."

आता खरं सांगावं, असं हर्षलला वाटलं.

"पाणी द्या जरा, आजी," तो म्हणाला.

पाणी पिऊन त्यानं ओठ पुसले. "बॅटरी गेलीय. मी नवी आणतो."

"मग पेटंल?"

"पेटेल."

तिचा चेहरा उजळला. "आता येक दिस बी चुकनार न्हाई मी. ताप आला तरी उठंन."

तो घाईघाईनं उतरायला लागला. कड्याच्या वळणावर त्यानं मागं वळून बघितलं. भर उन्हात ठकूबाई पदरानं काच पुसत होती.

तो शेडवर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. उस्तादांनी स्टोव्हवर चहा टाकला होता. त्यांनी तो गाळला. एक कप त्याच्यापुढं सरकवला.

हर्षलनं सगळं सांगितलं. सहा रिकामी घरं, म्हैस, पलीकडची बहीण, चार दिवसांचा ताप. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

"स्क्रू कुणी आवळायचा होता?" उस्तादांनी विचारलं.

"मी."

"आणि तिला वाटतंय, तिच्या तापामुळं दिवा गेला…"

"हो."

"मग काय सांगितलंस तिला?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. पत्रे थरथरले, मग थांबले.

"नवी बॅटरी आणतो म्हणालो."

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. हर्षलला त्यांची नजर सोसवेना. तो उठला आणि शेडमध्ये इकडंतिकडं बघू लागला. कोपऱ्यात दोन नव्या बॅटऱ्या होत्या.

"यातली एक मी नेतो. उजाडताच निघतो, दुपारच्या आत दिवा लावतो. माणूस नको, घोडं नको. स्वतःच्या खांद्यावरून नेईन."

त्यानं त्यातली एक उचललीसुद्धा. वीस किलोचं धूड. खांद्यावर घेताना तो हेलपाटला, पण सावरला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं होतं.

"तीन तास चढायचं आहे," उस्ताद म्हणाले.

"चालेल. माझी चूक आहे, मीच वाहीन."

उस्ताद खाटेवरून उठले. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. त्याच्याजवळ आले. दोन्ही हातांनी त्यांनी त्याच्या खांद्यावरची बॅटरी उतरवून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"ही मी पाठवतो मागाहून," ते म्हणाले. "तू रिकाम्या हातानं जा."