न घेतलेली गोळी

सह्याद्रीच्या उतारावर वाघदरे नावाचं गाव होतं आणि त्या गावात उपासनी नावाचे एकच डॉक्टर होते. हात मोठा सढळ. कुणाला साधी सर्दी झाली, तरी ते जंतू मारणारं जालीम औषध लिहून देत. रिकाम्या हातानं परत गेलेला माणूस पुन्हा आपल्याकडे येणार नाही, असं त्यांना वाटे.

गावाबाहेर ठमाबाई राहायची. करवंदं विकून पोट भरणारी धडधाकट बाई. दवाखान्याची पायरी तिनं कधी चढली नव्हती. एकदा तिच्या पायात काटा मोडला. पाय काळानिळा पडला, तेव्हा लोकांनी तिला उचलून आणलं. डॉक्टरांनी तेच जालीम औषध सुरू केलं.

सूज उतरली नाही. घोट्यावरून पोटरीत, पोटरीतून मांडीत चढत गेली. वाटेत तिला अडवणारं जणू कुणी नव्हतंच. शेवटी उपासनींनी ठमाबाईला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखमेची तपासणी केली आणि ते उपासनींना म्हणाले, "या जंतूंना तुमचं औषध लागूच पडत नाही. ते त्याला सरावलेत."

ठमाबाई तापानं फणफणली होती, पण शुद्धीवर होती. तिनं उपासनींचा हात धरला. "डाक्टर, म्या तर जल्मात गोळी खाल्ली न्हाई. मग माज्या अंगात ह्ये सरावलेलं आलं कुठनं?"

उपासनींना उत्तर माहीत होतं. ते तिच्या पायाची पट्टी नीट करत राहिले. त्याच संध्याकाळी ती गेली.

तेव्हापासून दवाखान्यात कुणी खोकलं, की त्यांच्या अंगावर शहारा येई. ओसरीत बसलेल्या प्रत्येकाबरोबर न दिसणारं काहीतरी आत आलंय, मुकाट्यानं आपल्या औषधाची ओळख करून घेतंय, असं त्यांना वाटे. तरी हात चिठ्ठीकडे जायचाच.

त्याच सुमारास मृणाल नावाची एक संशोधक गावात आली. डॉक्टर असं औषध का देतात आणि लोक का घेतात, हे ती दोघांशी बोलून समजून घेत होती. उपासनी तिला म्हणाले, "मी काय करू? लोकच मागतात."

"लोक म्हणतात, डॉक्टरच देतात," मृणाल म्हणाली. "एक म्हातारबाबा सांगत होते, 'औषध कुणाला हवं होतं? छाती तपासून, भिण्यासारखं काही नाही, एवढं म्हणाले असते तरी घरी गेलो असतो. पण त्यांनी मान वर न करताच चिठ्ठी लिहिली. म्हटलं, दुखणं मोठंच असणार.'"

उपासनींच्या ध्यानात आलं. कुणालाच नको असलेलं औषध गावभर वाटलं गेलं होतं.

पुढे एकदा सरपंच रंगनाथराव सर्दी-तापानं आले. "ते जालीम औषध द्या. मला आजारी पडायला वेळ नाही."

उपासनींनी त्यांना नीट तपासलं. पेन खिशातच राहू दिलं. "सरपंच, या तापाला ते औषध नको. आराम करा, गरम पाणी प्या. धाप लागली किंवा ताप हटला नाही, तर लगेच या."

"गावात दुसरा डॉक्टर आणू का?" सरपंच कडाडले.

"आणा. पण ठमाबाईला जे झालं, ते आधी ऐका." उपासनींनी तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. "ती विचारत होती ते सरावलेलं मी उगाच दिलेल्या औषधानं वाढलं. तुमच्या-माझ्या अंगात वाढलं आणि तिच्यापर्यंत पोचलं."

सरपंचांचा आवाज खाली आला. "म्हणजे ते आता माझ्या घरात असेल?"

"असेल. माझ्याही असेल."

सरपंच चिठ्ठी न मागता उठले. उंबऱ्यापाशी थबकून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, भिण्यासारखं काही नाही ना?"

"तुमच्या सर्दीत नाही," उपासनी म्हणाले.

तात्पर्य: गरज नसताना दिलेलं औषध घेणाऱ्यापाशी थांबत नाही, त्याची किंमत कधी न घेणाऱ्यालाही मोजावी लागते. म्हणून डॉक्टरनं लिहिण्याआधी विचारावं आणि रोग्यानं मागण्याआधी ऐकावं.