घुबडाच्या दुकानातलं पुस्तक

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, आणि त्याने कुणाचं काही अडलेलं नाही. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका, कारण ही गोष्ट तुमची आहे.

त्या राजाच्या नगरात पुस्तकवाल्यांची एक गल्ली होती. वाचता येणारे थोडे, म्हणून दुकान ओळखू यावं यासाठी प्रत्येकाच्या दारावर एक लाकडी चित्र टांगलेलं असे. मोर, हत्ती, कमळ ही चांगली चित्रं म्हाताऱ्या दुकानदारांनी केव्हाच अडवून ठेवली होती. मग एका तरुण पुस्तकवाल्याने सरळ घुबड टांगलं.

गल्ली हसली. घुबडाकडचं पुस्तक घरात नेलं तर घर बसेल, असं येणारे-जाणारे म्हणू लागले. तो म्हणायचा, "त्याला अंधारात दिसतं. तुम्हाला उजेडात तरी दिसतं का?"

गल्लीवर पाच म्हाताऱ्यांची पंचायत होती. तिची मोहोर असल्याशिवाय पुस्तक विकायचं नाही, हा कायदा. ज्याला मोहोर नाकारली, ते पुस्तक जाळत नसत. कागद महाग होता. ते फाडून बांधणीवाल्याकडे जाई. तो पानावर पान ठेवून खळीने चिकटवी, दाबून त्याचे पुठ्ठे करी, वर चामडं चढवी, आणि त्या पुठ्ठ्यांच्या आत पंचांना आवडणारी पुस्तकं शिवी. वडिलांपुढे मान कशी वाकवावी, उलट का बोलू नये, असली पुस्तकं. कागदाचा एक तुकडा वाया जात नसे. वाया जायचं ते फक्त त्याच्यावर लिहिलेलं.

घुबडवाल्याने शिकाऊ असताना आपल्या गुरूचं पुस्तक असंच फाटताना पाहिलं होतं. माझ्या दारात आलेलं पुस्तक मी फाडू देणार नाही, अशी शपथ त्याने तेव्हा घेतली आणि बरीच वर्षं पाळली. पंचांनी एकदा काही महिने त्याच्या दुकानाला टाळं ठोकलं, तरी मागच्या दाराने पुस्तकं जात राहिली. बायको गेली, एक लेक राहिली. ती त्या घुबडाखालीच वाढली, आणि हाताला लागेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागली.

बाप मात्र फक्त पहिलं पान वाचायचा. धंद्याची रीतच तशी. पहिलं पान चौकातल्या खांबावर डकवायचं, लोक थबकले की पुस्तक खपतं. लेक चिडवायची, "बाबा, तुम्ही पुस्तकं विकता की पहिली पानं?"

"पहिलं विकलं की बाकीची आपोआप जातात, बाई."

एके दिवशी वरच्या खोऱ्यातला एक वैद्य आपलं पुस्तक घेऊन आला. नाव होतं 'ओल्या सालाचं धान्य', म्हणजे अति पावसाच्या वर्षी पिकलेलं. घुबडवाल्याने ते छापलं आणि पहिलं पान चौकात लावलं. राजाच्या कोठारावरच्या अधिकाऱ्याने ते वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. कोठारात ओल्या सालाचंच धान्य भरलेलं होतं.

अधिकाऱ्याचा निरोप मिळताच पंचांचा थोरला स्वतः दुकानात आला. गोड बोलला. असली माणसं ओरडतात तेव्हा घाबरू नका, गोड बोलतात तेव्हा घाबरा.

"केस पिकायला लागले तुझे," तो म्हणाला. "अजून किती दिवस या पाखराखाली बसणार? आमच्यातली पाचवी गादी रिकामी झाली आहे. हंसाचं चित्र घे, मान घे. प्रत्येक पंचाला दर महिन्याला राजाच्या कोठारातून धान्याचं पोतं येतं, ते तुलाही येईल. आणि ते वैद्याचं बाड बांधणीवाल्याकडे पाठवून दे. एकही प्रत राहता कामा नये."

घुबडवाला त्या रात्री झोपला नाही. सकाळी त्याने ठरवलं. लेकीसाठी करतोय, असं तो मनाशी म्हणाला. मोठी माणसं नेहमी हेच म्हणतात. लेकीला विचारायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

ती दारात बसून तेच पुस्तक वाचत होती. त्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, अजून संपलं नाही."

"याहून चांगली येतील."

वैद्याला नगराबाहेर काढलं. प्रती फाडल्या. घुबड खाली उतरलं, हंस वर चढला. राजाच्या कोठारातून पोतं आलं. धान्य कुठल्या सालाचं, हे कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. पंच झालेला बाप पंचायतीच्या पंगतीत पक्वान्नं जेवू लागला, आणि घरी लेक त्या पोत्यातलं धान्य दळून भाकऱ्या खाऊ लागली.

पावसाळा सरता सरता नगरात एक दुखणं शिरलं. आधी बोटांना मुंग्या येत. मग बोटं बधिर होत. मग काळी पडत. पंचांनी ठरवलं, की मुलं वडिलांचं ऐकत नाहीत म्हणून हा कोप झाला आहे. मुलांनी उपास करावेत.

एका सकाळी लेकीच्या हातून परात निसटली. ती आपल्या बधिर बोटांकडे बघत राहिली.

"बाबा, हे त्या पुस्तकात होतं. मुंग्या येतात, इथवर मी वाचलं होतं. पुढे काय लिहिलं होतं?"

 बापाने ते छापलं होतं, चौकात लावलं होतं, फाडायला दिलं होतं. वाचलं नव्हतं.

तो धावत बांधणीवाल्याकडे गेला. ते कागद कुठे आहेत म्हणून त्याने विचारलं. बांधणीवाला गोंधळला. "पंचमहाराज, तुमच्या गादीच्या मागेच नाहीत का? तुम्ही पंच झालात तेव्हा पंचांच्या चरित्राचे मोठे ग्रंथ बांधले होते. त्यांच्याच पुठ्ठ्यांत गेले."

पंचायत भरलेली होती. तो आत शिरला, फळीवरचे ग्रंथ ओढले, पुठ्ठे उपटले आणि पाण्याच्या घंगाळात बुडवले. थोरला उठला. "अरे, आमची चरित्रं आहेत ती."

"पुठ्ठा तेवढा कामाचा आहे," तो म्हणाला.

खळ सुटली. तो नखाने एकेक पापुद्रा सोडवत बसला. काही पानं कसरीने खाल्ली होती, काहींची अक्षरं एकमेकांवर उमटली होती. शेवटी हवं ते पान निघालं. ते ओलंच हातांवर आडवं धरून तो घरी आला.

लेकीने ते त्याला वाचू दिलं नाही. स्वतः वाचलं, हळूहळू. लिहिलं होतं, की ओल्या सालाच्या धान्यात काळे दाणे असतात. धान्य मिठाच्या पाण्यात टाकलं की ते वर तरंगतात. ते काढून टाकावेत, खालचं सुखाने खावं. मुंग्या येऊ लागल्या की त्याच दिवशी ते धान्य बंद करावं, म्हणजे माणूस वाचतो. बोटं काळी पडल्यावर औषध नाही.

तोवर तिची बोटं काळी पडू लागली होती.

"मीठ आणि पाणी," ती म्हणाली. "एवढंच होतं, बाबा."

बापाने तिच्या हातातलं ओलं पान घेतलं.

"चौकात लावा. पहिलं पान नको. हे लावा."

त्याच रात्री ती गेली. सकाळी तिला स्मशानात पोचवून तो तसाच चौकात गेला, ते पान खांबावर डकवलं आणि खाली उभा राहून, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचू लागला. आवाज बसला तरी वाचत राहिला. त्या संध्याकाळी घरोघर मिठाच्या पाण्यावर काळे दाणे तरंगले.

तीन दिवसांनी थोरला पंच पान फाडायला आला, कारण त्याच्यावर मोहोर नव्हती. पण त्याच्याच घरात सुनेने पहिल्याच रात्री धान्य मिठाच्या पाण्यातून काढलं होतं, आणि त्याच्याच नातवाच्या बोटांच्या मुंग्या कमी होऊ लागल्या होत्या. पानाला लावलेला हात खाली घेऊन तो परत गेला. माफी मागितली नाही. अशा म्हाताऱ्यांकडून याहून जास्त मिळत नाही.

गादी गेली, हंस गेला. पुस्तकवाल्याने घुबड पुन्हा टांगलं. त्यानंतर तो आयुष्यभर प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचूनच विकायचा, आणि दारात बसून कुणी मूल वाचत असलं, तर गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचा, पण मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचा नाही.

तात्पर्य: आपली गादी टिकवायला मोठी माणसं जे सत्य दडपतात, ते शेवटी त्यांच्याच लेकरांच्या ताटात वाढलं जातं.