वीतभर हिरवं

"…मग कुंपण आणखी हातभर उंच करू का, महाराज?"

केदारगिरी बुवा देवळाच्या ओट्यावर बसून केरसुणीसाठी गवताच्या काड्या निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पेरलंस कुणासाठी?"

"हरणांसाठी."

"आणि कुंपण?"

"तेही हरणांसाठीच," मल्लिनाथ म्हणाला. "म्हणजे… त्यांनी आत येऊ नये म्हणून."

बुवा काड्या निवडत राहिले.

मल्लिनाथ बिराजदार शेतकी कॉलेजात कोरडवाहू पिकं शिकवायचा. माळाला लागून त्याची जमीन होती. त्या माळावर काळविटांचा एक कळप राहायचा, आणि दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. माळावरचं गवत मुळापासून वाळलं, तेव्हा मल्लिनाथ चारचौघांत म्हणाला होता, "या दुष्काळातही मी हरणांना हिरवं खाऊ घालून दाखवतो."

पहिली पेरणी करपली. दुसरी उगवलीच नाही. तिसऱ्या वेळी त्यानं अर्धा एकरच धरला. ओळी विरळ ठेवल्या, मधे उसाचं पाचट पसरलं, विहिरीच्या तळाचं पाणी तांब्यातांब्यानं घातलं. चवळी, मटकी, थोडी बाजरी. आता ते वीतभर झालं होतं. सबंध माळावर तेवढंच हिरवं.

"आत्ता तोंड लागलं तर मुळासकट जाईल," तो समजावून सांगू लागला. "गुडघ्याएवढं होऊ द्यायचं. मग फाटक उघडायचं. शास्त्र आहे ते."

"गुडघ्याएवढं कधी होईल?"

"पाऊस आला तर महिन्यात."

"आणि नाही आला तर?"



बुवांनी काड्या बाजूला ठेवल्या.

"चल. बघू तुझं रान."

दुपार कलली होती. माळावर ऊन हलत होतं, आणि दुरून हरणं गुडघाभर पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. हे दोघं जवळ गेले तसं पाणी विरलं. हरणं राहिली.

कुंपणाला लागून, ओळीनं. बरगड्या दिसत होत्या. माणसं पाहून ती चार पावलं मागे सरली, पण पळाली नाहीत. पळण्याइतकं त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

"किती दिवस उभी आहेत?"

"दहा-बारा दिवस झाले." मल्लिनाथ दुसरीकडे बघत म्हणाला, "सतरा होती…"

बुवांनी फाटकाची तार सोडली, फाटक सताड उघडलं आणि आत जाऊन हिवराच्या झाडाखाली सावलीत आडवे झाले.

"महाराज, हे काय…"

"पड."

"ती आत येतील."

"पड की बाबा. ऊन किती आहे."

मल्लिनाथ पडला. फाटकाकडे तोंड करून. उठून ते लावायला वीस पावलं पुरे होती. तो डोळे मिटून मनातल्या मनात ती पावलं टाकत राहिला… सात, आठ… पुन्हा पहिल्यापासून…

पाचट वाजलं.

मग कुठंतरी पान तुटल्याचा आवाज. मग पुष्कळ पानं.

त्यानं डोळे किलकिले केले. त्याच्या हाताजवळ एक हरणी खात होती. पापण्यांवर धूळ. मागे तिचं पाडस. ती ओळ त्यानं सकाळीच भिजवली होती.

हात उचलला असता तर ती गेली असती. त्याची बोटं हलली. हरणी थांबली, तिनं त्याच्याकडे पाहिलं…

हात मातीवरच राहिला.

ती पुन्हा खाऊ लागली. तिचा श्वास त्याच्या मनगटाला लागत होता, कोमट. त्याचे डोळे जड झाले. त्याला वाटलं, रानच उठलंय आणि चार पायांवर हळूहळू माळाकडे चाललंय, हिरवंच्या हिरवं, आणि आपण त्याला अडवत नाही आहोत…

तो जागा झाला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. पाचट विस्कटलेलं. मातीत खुरांचे ठसे. एक पान म्हणून उभं नव्हतं.

पलीकडे माळावर हरणं बसून रवंथ करत होती.

मल्लिनाथ राग यायची वाट पाहत उभा राहिला. राग आला नाही. बुवा काहीतरी बोलतील म्हणून थांबला. धोतराची माती झटकून ते चालू लागले, आणि हा मागून.

अर्ध्या वाटेवर मल्लिनाथ थबकला.

"महाराज."

"हं."

"आजचं झालं. पण… उद्या ती काय खातील?"

बुवा थांबले. वळले. तिथंच वाटेवर, धुळीत, मांडी घालून बसले.

"बस," ते म्हणाले. "आता बोलू."