कोरी छीट आणि तीन धोतरं

एकदा एक मुख्याध्यापिका गोधडी शिवायला शिकली. ही गोष्ट अशी रंगवून सांगणारा सबंध तालुक्यात दुसरा सापडणार नाही. सापडेल म्हणा, पण त्या लोकांना कामं असतात.

तर या इंदुमतीबाई. चाळीस वर्षं पोरांच्या चुका तांबड्या शाईनं काढल्या. स्वतःची एकही सापडली नाही. निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि लेकीला मुलगा झाला. यजमानांची आठवण म्हणून तीन धोतरं तेवढी उरलेली. त्यांचीच गोधडी नातवाच्या अंगावर पडावी, हा एकच ध्यास. तान्ह्या जिवाला वापरून मऊ झालेलं कापडच मानवतं, हे सर्वश्रुत आहे. म्हणून बाई गोधड्या शिवणाऱ्या ठकूबाईच्या ओसरीवर शिष्या होऊन बसल्या.

ठकूबाईला अक्षर येत नसे. पण तिची गोधडी आजा पांघरी आणि पणतूही पांघरी. घरात मात्र तिची नवी सून हळद निघायच्या आत शिस्तीला जुंपली गेली आणि महिन्याभरात माहेरी निघून गेली. लोक काय, बोलतातच.

आता बाईंचे व्याही पडले बडे. बारशाला नुसती धोतरं कशी दाखवायची? बाईंनी वरून लावायला फुलाफुलांची कोरी छीट आणली.

"भिजवलीस का गं, मास्तरीणबाई?" ठकूबाईनं विचारलं.

"दोनदा!" बाई म्हणाल्या. भिजवली एकदाही नव्हती. तकाकी गेली असती ना!

दोन महिने टाक्याला टाका लागला. तिसऱ्या महिन्यात ठरलेलं बारसं पाच दिवसांवर आलं, तेव्हा बाईंनी पुरी झालेली गोधडी गुरूच्या पायाशी ठेवली. ठकूबाईनं तिच्यावरून मायेनं हात फिरवला, आणि उठून चुलीवर खदखदणाऱ्या हंड्यात ती बुडवून वरून काठीनं दाबली.

"अहो! अहो ठकूबाई! ह्यांची धोतरं आहेत ती!" बाई किंचाळल्या. शाळेला आग लागली असती तरी बाई इतक्या हादरल्या नसत्या.

दुपारी गोधडी दोरीवरून उतरवली. छीट चार बोटं आकसलेली, कडा पापडासारख्या वळलेल्या, आतली धोतरं गोळा होऊन फुगलेली, जागोजाग दोरा तुटलेला. बाईंना रडूही येईना.

"खोटं बोललीस ते पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," ठकूबाई म्हणाली. "कोऱ्या कापडाची खळ बोटाला सांगते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"माझं ऐकलं नसतंस. पाण्याचं ऐकलंस. जुन्या कापडाचं आकसणं कधीच होऊन गेलेलं असतं. कोऱ्याचं व्हायचं असतं. त्याला आधी एकट्याला भिजू द्यावं, आकसू द्यावं, वाळू द्यावं. मग जुन्याशी सांधावं. घाईनं बांधलं की ते स्वतःही फाटतं आणि दुसऱ्यालाही ओढतं. ऊठ, धोतरं शाबूत आहेत. छीटही आता शहाणी झालीय. उसव. पाच दिवस दोघी बसू, बारशाला होईल."

बाई मान खाली घालून उसवू लागल्या. चौथ्या ओळीशी त्यांचा हात थांबला.

"ठकूबाई, सून आणलीत तेव्हा हे ठाऊक नव्हतं का?"