गोजरा सुइणीचं पारडं

राणीसाहेबांचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपण कोणी करायचं यावरून चंदनगडच्या राजवाड्यात भांडण लागलं होतं. राणीसाहेब म्हणत होत्या, गोजरा सुईण. राजा हंबीरसेन म्हणत होता, वामदेवशास्त्री. बाळ राणीसाहेबांच्या पोटात, पण हुकूम राजाचा चालणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वामदेवशास्त्री नुकतेच दूरच्या विद्यापीठातून बाळंतपणाचं शास्त्र शिकून आले होते. तिकडे एक परीक्षा पार पडली की एक ताम्रपट मिळे. शास्त्रीबुवांकडे असे अकरा होते आणि ते सगळे गळ्यात अडकवून फिरायची त्यांना हौस होती. बुवा येताहेत हे वाड्यातल्या मांजरांनाही आधी कळे. बाळंतपण मात्र त्यांनी अजून एकही केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "मी पडद्याबाहेर बसून श्लोक सांगेन. आत कोणीतरी त्याप्रमाणे करावं."

"आत कोण?" राणीसाहेबांनी दासीकडून विचारून पाठवलं.

"तो प्रश्न परीक्षेला नव्हता," शास्त्रीबुवा म्हणाले.

राजानं गोजराबाईला दरबारात बोलावलं. बाई सत्तरीची, आवाज खणखणीत आणि नम्रता औषधालाही नाही. निम्मं चंदनगड आपल्या हातावर जन्मलं, हे ती भेटेल त्याला ऐकवत असे. दरबारात शिरता शिरता तिनं दोन सरदारांना "मोठं झालात की रे" म्हणून घेतलं.

"तुझ्याकडे ताम्रपट किती?" राजानं विचारलं.

"एक बी नाही, महाराज."

"मग तुला काम येतं, हे मी कशावरून मानू?"

"अनुभव हाय की."

"कुठे आहे? दाखव."

गोजराबाईनं आपले रिकामे हात उलटेपालटे करून पाहिले. राजाला फार बरं वाटलं. वाद जिंकायची त्याला भारी आवड, आणि एकदा तोंडातून निघालेला शब्द तो स्वतःच्या बापासाठीही मागे घेत नसे. त्यानं राजघराण्याचा मोठा तराजू आणवला. एका पारड्यात शास्त्रीबुवांचे ताम्रपट ठेवले, तसं ते पारडं जमिनीला टेकलं.

"आता दुसऱ्या पारड्यात तुझा अनुभव ठेव," राजा म्हणाला. "ते खाली आलं तर बाळंतपण तुझं. नाही आलं, तर यापुढे माझ्या राज्यात ताम्रपटाशिवाय कुणीही सुईणपण करायचं नाही. उद्या सकाळपर्यंत मुदत."

राणीसाहेबांचं बाळ आडवं होतं. कालच पोटावर हात ठेवून गोजराबाईनं ते ओळखलं होतं. श्लोक ऐकून ते वळणार नव्हतं, आणि राणीसाहेब म्हणजे जेमतेम विशीची पोर. बाईला तिची माया होती.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "आत्ताच ठिवते. पर माजा अनुभव लई जड हाय, मला उचलायचा न्हाई. त्येनं आपल्या पायांनी चालत याया पायजे."

"म्हणजे?"

"महाराज, जरा सिंहासनावरनं खाली उतरता का?"

राजा कुतूहलानं उतरला.

"आता या पारड्यात बसा."

राजा बसला. पारडं धाडकन खाली आलं आणि अकरा ताम्रपट खणखणत वर गेले.

"हा काय चावटपणा?" राजा ओरडला.

"ह्योच माजा अनुभव. तुमच्या आईसाहेबांना दोन दिस कळा येत हुत्या. तुमी पायाळू. पाय आधी भाईर आन् डोकं आत अडकलेलं. राजवैद्यांनी हात टेकलं, तवा मी तुमाला भाईर काढलं. तवाबी तुमी असंच हट्टी हुता."

दरबारातल्या मिशा थरथरल्या, पण हसायची छाती कुणाची झाली नाही.

"हा अन्याय आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "जन्मताना महाराज एवढे नव्हते. हे वजन श्रीखंडाचं आहे. फार तर हा मुदपाकखान्याचा अनुभव म्हणता येईल."

दिवाणजींनी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता.

"पोरगा खरं बोलतोय," गोजराबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या मेहनतीवर मी हक्क सांगत न्हाई. माजं तेवढं काढून घ्या. त्या दिशी मी आलेच नव्हते, असं धरा. आता पारड्यात काय उरलं, ते बुवांनी सांगावं."

शास्त्रीबुवांनी पारड्याकडे पाहिलं. मग राजाकडे पाहिलं. इतक्या परीक्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं, की उत्तर येत होतं आणि देता येत नव्हतं.

"रिकामं पारडं!" राजाच म्हणाला, आणि असा हसत सुटला की तराजूच्या साखळ्या वाजू लागल्या. "जा गोजराबाई, बाळंतपण तुझं."

तो उतरू लागला, तसे दिवाणजी खाकरले. "महाराज, उतरता येणार नाही. या तराजूत राजा बसला, की समोरचं पारडं बरोबरीला येईपर्यंत उतरायचं नाही, अशी घराण्याची रीत आहे. आणि समोर जे ठेवाल, ते दान होतं."

"कुणाला?"

"ज्यानं बसवलं त्याला."

राजानं गोजराबाईकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"तुला हे ठाऊक होतं?"

"तुमच्या बारशाला मी हितंच उभी हुते की. तवाबी तुमाला ह्यातच बसवलं आन् समोर गूळ घातला हुता."

राजाला पुन्हा हसू फुटलं. "सोनं आणा!" खजिन्यातून पेट्या आल्या, सोनं चढत गेलं आणि दोन्ही पारडी बरोबरीला आली. आता त्या पारड्यातले ताम्रपटही बाईचेच झाले होते, त्यामुळे शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. गोजराबाईनं ते उचलून त्यांच्या गळ्यात परत घातले.

"घे तुजं तुला, बाळा. रातीचा दिवस करून मिळवलंस. आन् चल माज्याबरूबर. पडद्याभाईर काढा उकळायला शिकलेला माणूस लागतो."

ताम्रपट निघाले तसं राजाचं पारडं पुन्हा खाली गेलं.

"महाराज, अजून थोडं सोनं लागंल," दाराकडे वळत गोजराबाई म्हणाली. "तुमी घाला सावकाश. मला आत जायाचं हाय. तुमचं लेकरू आडवं बसलंय, तुमच्यावरच गेलंय."