उंच धुराचं घर

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या वळणावरच्या बिळात, एक सायाळ राहत असे. अंगभर काटे, पण मनमिळाऊ स्वभाव. तिचा नवरा साळिंदर बोलायला गरीब आणि कामाला वाघ. रानातून सरपण आणायचे ते त्याने, आणि चूल सांभाळायची ती तिने, अशी त्यांची वाटणी होती.

त्या जंगलात एक रीत होती. कोणाचे घर किती बरे चालले आहे हे तिथे घरातला दाणागोटा पाहून ठरवत नसत, धूर पाहून ठरवत. ज्या घरचा धूर सागाच्या शेंड्यावर चढेल ते घर तालेवार. सकाळ झाली की सगळ्या जणी दारात येऊन, माना वर करून, एकमेकींचे धूर न्याहाळत. सायाळीचा धूर सगळ्यांत उंच जाई, आणि शेजारच्या कोल्हिणीचा त्याच्या हातभर खाली राही. हे हातभर अंतर सायाळीला फार प्रिय होते.

ते टिकवण्यासाठी ती काहीच कमी पडू देत नसे. सूर्य उगवला की तिची चूल पेटे ती मावळेपर्यंत धडधडत राही, वर भांडे असो वा नसो. वाल शिजायला टाकायचे ते न भिजवता, खड्यांसारखे कडकडीत. भांड्यावर झाकण नाही, कारण झाकले तर आत काय रटरटते आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार कसे? थंडीचे दिवस असूनही दार सताड उघडे. सुके लाकूड धूर कमी करते, म्हणून मधूनमधून एखादे ओले लाकूड आत सारायचे. चुलीला लागून वैल होता. वैल म्हणजे चुलीचेच दुसरे तोंड; एकाच जाळावर तिथे आणखी एक भांडे तापते. पण तो कधीचा राखेने बुजला होता आणि सायाळ त्यावर केरसुणी ठेवी. दिवस मावळला की निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतायचे. चर्र आवाज झाला की तिला वाटे, झाला आजचा दिवस नीट पार पडला.

पण मुलांनो, चुलीचे पोट भरता भरता रान रिकामे होत होते. आधी बिळाजवळच्या काटक्या संपल्या, मग ओढ्यापलीकडच्या. पौष लागला तेव्हा सुके सरपण उरले ते एकाच ठिकाणी, बिबळ्याच्या घळीत. साळिंदर तिकडे जाऊ लागला. एके दुपारी तो परतला तो मोळीशिवाय. पाठीवरचे पंजाएवढ्या जागेतले काटे उपटले गेले होते आणि खालची कातडी सोलवटली होती.

"अहो, हे काय?"

"बिबळ्या झोपला असेल असं वाटलं," तो हळूच टेकत म्हणाला. "नव्हता झोपला."

"आणि मोळी?"

"मोळी त्याच्याकडंच राहिली."

आपण मोळीचे विचारले याचे सायाळीलाच कसेसे झाले. तिने कोपऱ्यात पाहिले. दोन दिवसांचे सरपण होते, फार तर अडीच.

"परवा जाईन पुन्हा," साळिंदर म्हणाला.

"तिकडं नका जाऊ."

"मग कुठं जाऊ ते सांग. तिकडं जातो."

चूल समोर धडधडत होती, आणि तिच्यावर काहीच नव्हते.

त्याच संध्याकाळी तळ्यावरची कासवमावशी बोचके घेऊन आली. तळ्यातला गाळ वर आला होता, म्हणून आठ दिवस भाचीकडे काढावेत असा तिचा बेत होता. सायाळ मनात सरपण मोजू लागली. दोघांचे सरपण पुरेना, त्यात तिसरे पान.

मावशी हसली. "तोंड कशाला पाडतेस? तुझ्या सरपणातलं मला एक लाकूड नको. तुझा स्वयंपाक झाला की त्या चुलीवर पाणी तेवढं ओतू नकोस. पुढचं माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सायाळीने नेहमीसारखी भाकरी भाजली, वाल शिजवले आणि म्हणाली, "घे मावशी, संपली माझी चूल." मावशी हळूहळू पुढे सरकली. बोचक्यातून तिने एक मडके काढले. त्यात सकाळपासून भिजत घातलेले वाल होते, फुगून टपोरे झालेले. मडक्यावर तिने खोलगट झाकण ठेवले आणि झाकणात पाणी ओतले. मडके निखाऱ्यांवर ठेवले, बिळाचे दार लोटून घेतले आणि पाय आत ओढून स्वस्थ बसली.

दिवे लागायच्या सुमारास तिने झाकण काढले. वाल लोण्यासारखे शिजले होते. झाकणातले पाणी कढत झाले होते. मावशीने त्यात फडके बुडवून साळिंदराची पाठ शेकली, तसा तो कितीतरी वेळाने सैलावला.

सायाळ मडक्यात वाकून पाहत राहिली. "मावशी, लाकूड कुठलं घातलंस?"

"तुझंच. जे तू संपलं म्हणालीस ते."

मग गोष्ट सांगितल्याखेरीज घास उतरत नाही अशा सुरात मावशीने सुरुवात केली. "आमच्या बांधावर एक घूस राहायची. तिचं धान्याचं पोतं काही केल्या भरेना. नवऱ्याला रोज शेतात पिटाळायची, आण आणखी, आण आणखी. तो बिचारा आणून आणून काडीसारखा झाला. एकदा एक मुंगी घरात आली, पोत्याभोवती फिरली आणि म्हणाली, 'घूसबाई, सुई आहे का घरात?' खाली हे एवढं भोक होतं. दाणे तिकडून जात होते आणि बाई नवऱ्याला आळशी म्हणत होती."

"मी यांना आळशी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. घळीत पाठवलंस."

सायाळीला ते लागले. पण खरे बोल लागतातच. दुसऱ्या दिवशी तिने केरसुणी जागेवर ठेवली आणि वैलातली राख उपसली. पुढे भाकरी भाजताना मागे वैलावर वाल शिजू लागले. वाल रात्रीच भिजत पडत, भांड्यावर झाकण बसे, दार लोटलेले असे. ओली लाकडे चुलीत न जाता वैलाशेजारी वाळत पडत. रांधून झाले की ती जळती लाकडे ओढून विझवी आणि निखारे राखेत पुरून ठेवी. सकाळी फुंकर घातली की पुन्हा जाळ. दोन दिवसांचे सरपण चौथ्या दिवशीही उरले होते. परवा जाईन म्हणणारा साळिंदर घरातच होता आणि त्याच्या पाठीवर खपली धरत होती.

एकच गोष्ट बिघडली. धूर. तो सागाच्या शेंड्यावर तर नाहीच, बुंध्याच्या वरही जाईना.

पाचव्या दिवशी कोल्हीण आली. हातात वाटी, वाटीत पीठ. "वहिनी, उरलं होतं आमच्याकडं. म्हटलं तुमच्याकडं हल्ली धूर दिसत नाही. भावोजी पडून आहेत, अशा वेळी लाजू नये शेजाऱ्यांना."

"आमच्याकडं सगळं आहे," सायाळ म्हणाली.

"असेल की. सगळेच असं म्हणतात," कोल्हीण म्हणाली, आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून शेपूट उडवत गेली.

सायाळीचे काटे ताठ उभे राहिले. ती तडक आत गेली आणि तिने वैलाशेजारचे सगळ्यांत ओले लाकूड उचलले. एवढे एक आत सारले की पुरे. साऱ्या रानाला दिसेल असा लोट उठेल, आणि ती वाटी जाईल आल्या पावली परत.

"घाल," कोपऱ्यातून मावशी म्हणाली. "पण धूर म्हणजे काय गं? जळायचं राहून गेलेलं लाकूड. आपलं किती फुकट गेलं ते उंच चढून साऱ्या गावाला दाखवायचं, यालाच तुम्ही श्रीमंती म्हणता, होय ना?"

सायाळ लाकूड हातात धरून उभी राहिली. समोर साळिंदर पाठ करून झोपला होता. खपलीच्या कडेने दोन नवे काटे फुटत होते, गवताच्या कोंभांएवढे. ते असेच वाढले तर फाल्गुनापर्यंत पाठ भरून येईल. घळीत पुन्हा जावे लागले, तर मात्र सांगता येत नाही.

तिने लाकूड होते तिथे वाळत ठेवले. वाटीतल्या पिठाची भाकरी केली आणि अर्धी कोल्हिणीकडे पाठवून दिली.

आठ दिवस झाले, मावशी तळ्यावर परत गेली. माघाची थंडी उतरायचे नाव घेईना. पण साळिंदर जवळपासची ओली लाकडे आणी, ती वैलाशेजारी वाळत, आणि घळीत जायची वेळ येत नसे. एके सकाळी सायाळ दारात उभी होती, तर समोरून कोल्हा खांद्यावर दोर टाकून चालला होता. वाट घळीची होती. मागे कोल्हीण दारात उभी होती आणि आज तिची शेपूट जमिनीला लागली होती. डोक्यावर तिचा धूर सागाच्याही वर गेला होता, साऱ्या रानात एकटा.

"भावोजी," सायाळीने हाक मारली, "दोर खाली ठेवा."

"वहिनी, चुलीत घालायला काही नाही घरात."

"आमच्याकडं आहे. वाळलेलं आहे."

तिने मोळी काढून दिली. मग एक मडके आणि एक झाकण काखोटीला मारून ती कोल्हिणीच्या दारात गेली. कोल्हिणीने वाट अडवली नाही, पण नजरही वर केली नाही.

"टोमणा मारायला आलात का वहिनी?"

"नाही. तुझा वैल बघायला आले. बुजलाय ना? माझाही बुजला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सागाच्या शेंड्यावर एक कावळा येऊन बसला. त्याने ओढ्याच्या वळणावर नजर टाकली. धूर कुठेच वर आलेला नव्हता. "काव, या वळणावर आता कोणी राहत नाही वाटतं," असे म्हणून तो उडून गेला.

खाली दोन लोटलेल्या दारांआड दोन नवरे घरातच होते, आणि पेज फार गरम आहे म्हणून कुरकुरत होते.

तात्पर्य : घरात जळण पुरेना की आधी रानाकडे धावू नये, चुलीपाशी बसून पाहावे. तुमच्या घरी चूल नसेल, पण रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा असेल, दिवसाढवळ्या जळणारा दिवा असेल. जे दिसण्यासाठी जळते ते कोणाच्या तरी पाठीवरून येते. जे कामापुरते जळते तेच घराला ऊब देते.